आईचा १९६८ चा फोटो: तोच चेहरा पुन्हा उभा करायचाय, मदत करा

अबोली_पंचवटी (८ डिसेंबर, रात्री ९:४०)

मंडळी, जानेवारीत आईची पंच्याहत्तरी आहे. घरातलीच पंचवीस-तीस माणसं, नाशिकला पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यातच कार्यक्रम.

आईचा एक फोटो आहे, १९६८ चा. पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल, कडा नक्षीदार कातरलेल्या. मागे मेन रोडवरच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि निळ्या शाईत साल. तो स्टुडिओ केव्हाच बंद झाला. आई तेव्हा एचपीटी कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. स्थळांना पाठवायला म्हणून आजोबांनी तिला नेऊन हा फोटो काढून घेतला होता. माझी लेक बावीस वर्षांची आहे आणि आजीचं कपाळ, नाक, हनुवटी जशीच्या तशी घेऊन आलीय. तिला अगदी तसंच तयार करून, त्याच बैठकीत फोटो काढायचा आणि दोन्ही एका चौकटीत लावून आईला द्यायचे, असं ठरवलंय.

मागच्या रविवारी कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये ट्रायल केली. 'साठच्या दशकाचा लुक' सांगितलं. पापण्यांवर जाड लायनर, त्याला भुवईच्या टोकापर्यंत शेपूट, लालभडक ओठ, खोट्या पापण्या, डोक्यावर केसांचा डोंगर. त्या मुलीचा हात चांगला होता, कामात खोट नव्हती. पण घरी आल्यावर आईने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "छान दिसतेय. कुठल्या सिनेमातली?" मला तेव्हाच कळलं की हे ते नव्हे.

फोटोत काय दिसतं ते सांगते. चेहरा एकसारखा, कुठेही चमक नाही. कपाळावर गोल कुंकू, अगदी काळंभोर दिसतंय. डोळे मोठे, बाहेरच्या कोपऱ्यात काजळ थोडं पुढे गेलेलं. ओठ गडद, पण कडा पुसट. समोर केसांचा छोटा फुगा, कपाळावर दोन बटा, एक जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. कानात मोत्यांच्या कुड्या. हे सगळं आज कशाने आणि कसं करायचं? आईला विचारलं की ती म्हणते, "काय करायचो गं, स्नो-पावडर आणि कुंकू." एवढ्यावर माझं काही चालेना.

जुईची_वेणी (८ डिसेंबर, रात्री १०:१५)

किती सुंदर कल्पना! माझं मत: लायनर काढूच नका. साठचं दशक म्हटलं की शेपटीवालं लायनर हवंच. फक्त लाल लिपस्टिकऐवजी फिकट गुलाबी लावा, त्या काळी फिकट ओठांची फॅशन होती.

अबोली_पंचवटी (८ डिसेंबर, रात्री १०:३२)

जुई, ती फॅशन होतीच, पण पडद्यावर. नाशिकच्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हाती काय होतं, ते मला शोधायचंय. आणि फोटोत ओठ गडद आहेत, फिकट नाहीत.

तांबटआळीची_मावशी (९ डिसेंबर, सकाळी ६:५०)

अबोली, तुझ्या आईपेक्षा मी चार वर्षांनी मोठी. माझंही सगळं लहानपण नाशकात गेलं. आई म्हणते ते अगदी खरं आहे. स्नो-पावडर आणि कुंकू, एवढंच. पण त्या 'एवढंच'ला एक रीत होती, ती सांगते.

आमच्याकडे शिसवी फणेरपेटी होती. झाकण उघडलं की आतून आरसा उभा राहायचा. आत लाकडी फणी, पिंजरीचा म्हणजे कोरड्या कुंकवाचा करंडा, मेणाची इवलीशी डबी, काजळाची डबी आणि एका कप्प्यात गळलेल्या केसांचा गोळा. हो, केस टाकायचे नाहीत, जमवायचे. त्याचं गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे जादा केस, व्हायचं आणि फुग्याच्या आत भरायलाही तेच.

आधी तोंड धुवायचं, आमच्याकडे डाळीच्या पिठाने. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. मग स्नो. अफगाण स्नोची बाटली आमच्याकडे दिवाळीला यायची आणि चौघी बहिणी ती वर्षभर पुरवायचो. चण्याएवढा स्नो बोटावर घ्यायचा, कपाळ, गाल, हनुवटी, नाक असे ठिपके लावायचे आणि भराभर पसरायचा, कारण तो लगेच वाळतो. वाळला की कातडी जरा ओढल्यासारखी वाटायची, तीच खूण. मग पावडर. पफ असला तर पफ, नाहीतर हातावर घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे आणि ते तळवे चेहऱ्यावर दाबायचे. पावडर चोळली की पट्टे उठतात. शेवटी पंचाचं टोक ओलं करून, घट्ट पिळून सगळीकडे हलकेच दाबायचं. पांढुरकेपणा जायचा आणि पावडर बसायची. भुवया आणि पापण्यांवरची पावडर ओल्या बोटाने पुसायची. हे विसरलं की बहिणी म्हणायच्या, "गिरणीतून आलीस का?"

मग कुंकू. मेणात करंगळीशेजारचं बोट फिरवायचं, कपाळावर ठेवून जागच्या जागी गोल गोल फिरवायचं, हवं तेवढं वाढवायचं. त्यावर त्याच बोटाने पिंजर दाबायची, दोनदा-तीनदा. भुरभुरलेली पिंजर पदराच्या टोकाने झटकायची. कडा वाकडी झाली तर काडीला कापूस गुंडाळून नीट करायची. कुंकू गोल लावता येणं ही मुलींची एक परीक्षाच असायची.

काजळ घरचं. एरंडेलाची वात, वर तांब्याचं ताम्हन पालथं, सकाळी काजळी खरवडून लोण्यात खलायची. बाहेरच्या कोपऱ्यात मी कधीच ओढलं नाही, ते नाटकातल्या बायकांचं समजायचे. तुझ्या आईने ओढलंय म्हणजे धीट होती हो!

डार्करूम (९ डिसेंबर, दुपारी १:०५)

अबोलीताई, माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी त्यांच्या हाताखाली वाढलो, म्हणून लिहितोय. तुम्ही जे पाहताय त्यात मेकअप अर्धाच आहे. उरलेला अर्धा फिल्मचा, दिव्यांचा आणि पेन्सिलीचा आहे.

कुंकू काळंभोर दिसतंय, हा माझ्यासाठी मोठा धागा. त्या काळी दोन प्रकारची कृष्णधवल फिल्म मिळायची. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. ऑर्थोक्रोमॅटिकला निळा-हिरवा दिसतो, तांबडा दिसतच नाही. तांबडं ते सगळं तिच्यावर काळं उतरतं. स्टुडिओवाल्यांना ती सोयीची, कारण लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी बघत बघत धुता येते. पॅनक्रोमॅटिक मात्र पूर्ण काळोखातच धुवावी लागते. शिवाय स्टुडिओतले बल्ब पिवळे-तांबूस, त्या उजेडात पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल ओठ आणि कुंकू बऱ्यापैकी फिकट होतं. तुमच्या फोटोत ते काळं आहे, म्हणजे माझ्या मते फिल्म ऑर्थोच असणार. अर्थ असा, की आईचे ओठ गडद नसतीलही. नुसते तांबूस असले तरी ते असेच गडद दिसणार.

ही काही नवी भानगड नव्हे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबईहून इथे नाशिकला येऊन चित्रपट करू लागले, तेव्हाचीही फिल्म तांबड्याला अशीच आंधळी. त्या काळात ओठांना लाल रंग दिला की पडद्यावर तोंडाच्या जागी काळं भोक दिसायचं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की मला दर वेळी हेच आठवतं.

आता पेन्सिल. ऑर्थोवर कातडीचा तांबूसपणा, मुरुमं, वांग सगळं जास्त गडद उठतं. म्हणून निगेटिव्हवर मऊ शिसपेन्सिलीने बारीक बारीक रेघा मारायच्या. निगेटिव्हवर जिथे शिसं, तिथे प्रिंटवर उजळ. वडील एका चेहऱ्याला अर्धा-अर्धा तास द्यायचे, डोळ्याला भिंग लावून. चेहरा एकसारखा दिसतोय, त्यातलं बरंचसं श्रेय त्या अनामिक रीटचरला आहे. भिंग घ्या आणि डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला पाहा. रेघा दिसतील.

अबोली_पंचवटी (९ डिसेंबर, रात्री १०:२०)

मावशी, डार्करूम, तुम्हां दोघांचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. डाळीच्या पिठाला आणि पंचाच्या ओल्या टोकाला तिने मान डोलावली. "हे तुला कसं सुचलं नाही विचारायला," असं वर मलाच म्हणाली.

भिंगातून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली, पार खाली गालापर्यंत, मुंगीच्या पायांसारख्या उजळ रेघा आहेत! साठ वर्षं होत आली, हा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे आणि आम्ही कुणी त्या पाहिल्या नव्हत्या.

मग ओठांचं विचारलं. आधी म्हणाली, काही नाही लावलं. मग जरा थांबून म्हणाली, "कुंकू लावून झालं की बोटाला मेण आणि पिंजर राहायची ना, ते ओठांवरून फिरवलं होतं. अण्णांना कळू नये इतकंच." अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना कळलं नाही. फिल्मला तेवढं मात्र कळलं.

तांबटआळीची_मावशी (१० डिसेंबर, सकाळी ६:३५)

अगं, आम्ही सगळ्याच तसं करायचो! मी हे कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

तिसरी_घंटा (१० डिसेंबर, दुपारी ४:१०)

नमस्कार ताई. मी हौशी आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना रंगभूषा करतो, साईखेडकर आणि कालिदास या इथल्या नाट्यगृहांच्या रंगपटांत निम्मं आयुष्य गेलं. आधी मावशींना: काजळाची रेघ बाहेर ओढणं १९६८ पर्यंत घराघरांत आलेलं होतं, ते नाटकापुरतं उरलं नव्हतं. बायकांनी रंगमंचावरून आणि पडद्यावरून उचलणं तर फारच जुनं. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची, त्यांचं नेसणं आणि गजरा माळणं पाहून घरंदाज बायका तसं करू लागल्या. १९६० साली अभिनेत्री साधना यांच्या कपाळावरच्या बटा आल्या आणि देशभर मुलींनी केस कापले. ताईंच्या आईंच्या दोन बटा त्याच वाऱ्यातल्या.

आता कामाचं. ट्रायल का फसली ते सांगतो. पार्लरमधल्या मुलीने जे केलं ती शेवटच्या रांगेसाठीची रंगभूषा. आपण रंगमंचावर डोळा मोठा काढतो, कारण तो चाळीस फुटांवरून दिसायला हवा. हा फोटो हातात धरून, वीतभर अंतरावरून बघायचा आहे. तिथे रेघ दिसली की संपलं.

स्नो म्हणजे काय ते कळलं तर पर्याय सापडेल. स्टिअरिक आम्ल, पाणी, थोडा क्षार आणि ग्लिसरीन. पाणी उडून जातं आणि त्वचेवर स्टिअरिक आम्लाचा पातळ, अजिबात न चमकणारा थर राहतो. मावशी म्हणतात ती ओढ त्याचीच. पावडर त्या थराला धरून बसते. आज तुम्ही चमकदार प्रायमर आणि वर 'ग्लो'वाला फाउंडेशन लावलात तर पावडर कितीही मारा, तो चेहरा यायचा नाही. तेलविरहित, मॅट होणारं मॉइश्चरायझर, त्यावर जिथे खरंच डाग आहे तेवढ्याच जागी कन्सीलर, मग साधी लूज पावडर दाबून. ओला स्पंज पिळून वरून टिपायचा, तेच मावशींच्या पंचाचं काम. फाउंडेशन नकोच. पॅनकेक तर अजिबात नको, तो मॅक्स फॅक्टरने रंगीत चित्रपटांसाठी काढलेला प्रकार, त्याने चेहऱ्यावर मुखवटा चढतो.

थंडीचं एक लक्षात घ्या. जानेवारीत नाशिकची हवा कोरडी, स्नोसारखं काहीही लावलं की नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांभोवती पापुद्रे सुटतात. आदल्या रात्री चेहऱ्याला तेल किंवा साय लावून, सकाळी धुऊन मगच सुरुवात करा.

डोळ्यांना लायनर नको. वरच्या पापणीच्या मुळाशी काजळ-पेन्सिल दाबून भरा, खालच्या पापणीत काजळ, आणि बाहेरच्या कोपऱ्यात भाताच्या दाण्याएवढंच पुढे न्या. कापसाच्या काडीने पुसट करा. खोट्या पापण्या काढून टाका. भुवया कोरलेल्या असतील तर मधल्या मोकळ्या जागा तपकिरी पेन्सिलीने केसागणिक भरा. त्या काळच्या मुलींच्या भुवया जाड, जवळजवळ नैसर्गिक, आणि चेहऱ्याचा सगळा तोल तिथे आहे.

द्राक्षबाग (१० डिसेंबर, संध्याकाळी ७:४५)

फोटोत आई बरीच गोरी दिसते का? मग लेकीला दोन शेड उजळ फाउंडेशन लावून बघा, हुबेहूब येईल.

अबोली_पंचवटी (१० डिसेंबर, रात्री ९:००)

नाही हो, ते करणार नाही. आई गव्हाळ आहे, लेकही तशीच. फोटोतला उजळपणा दिव्यांचा आणि पेन्सिलीचा, हे आता कळलंय. स्थळांसाठी काढलेला फोटो होता, त्या रीटचरने आपल्या परीने भलंच केलं असेल. पण माझ्या लेकीचा रंग खोडून मला आजी उभी करायची नाही. दोघींच्या कातडीचा रंग एकच आहे, तोच तर सगळ्यात मोठा पुरावा.

तिसरी_घंटा (१० डिसेंबर, रात्री ९:२०)

शंभर टक्के. चेहरा उजळ केला की गळा आणि हात फितूर होतात. कॅमेरा ते लपवत नाही.

बाटली_आणि_बूच (११ डिसेंबर, सकाळी ११:१५)

मी औषधनिर्माणातली. एक कळकळीची सूचना. आज बाजारातली सुटी पिंजर ओठांना लावू नका. जुन्या रीतीचं कुंकू हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून करत, हळदीचाच पिवळा रंग त्यात लाल होतो. आता बऱ्याच कुंकवांत कृत्रिम रंग असतात, ते पोटात जायचे नव्हेत. कपाळावरही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. जुन्या पेट्यांत सुरमा सापडला तर डोळ्यांत घालू नका, त्यात शिशाचा अंश असतो. नाटकवाल्यांचं जुनं सामान, मुरदाडशिंग शिशाचं आणि हिंगूळ पाऱ्याचं, हे तर हौसेनेही आणू नका.

तिसरी_घंटा (११ डिसेंबर, सकाळी ११:५०)

बरोबर. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांच्या चेहऱ्यांची त्या रंगांनी काय दशा झाली ते मी पाहिलंय. ओठांना विटकरी रंगाचा मेणासारखा लिप बाम घ्या, बोटाने मधोमध दाबा आणि बाहेर पसरवा. लिप लायनर नको. कडा पुसट दिसते ती बोटामुळेच.

अबोली_पंचवटी (२२ डिसेंबर, रात्री ११:०५)

दुसरी ट्रायल आज घरीच केली. जे चुकलं ते सगळं सांगते, म्हणजे तुम्हांला हात धरता येईल.

मेण खादीच्या दुकानातून शुद्ध मधमाश्यांचं आणलं. एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल असं वितळवलं. लावताना लोण्यासारखं लागलं, फार छान वाटलं. दिव्यांसमोर पाच मिनिटं बसल्यावर कुंकू भुवयांकडे सरकायला लागलं. मधोमध लाल आणि खाली तेलाची ओली रेघ.

चेहरा मात्र जमला, डोळ्यांना दिसत होता तसा तरी. फोटोत पाहिलं तर कपाळ, नाक आणि डोळ्यांखाली पांढरे पट्टे! समोर बसलेल्या लेकीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फोनमध्ये भुतासारखी दिसत होती. पावडर महागाची, 'एचडी' लिहिलेली आणली होती.

फुगा तर उभाच राहिना. तिचे केस रेशमासारखे, उलटे विंचरले की दोन मिनिटांत बसतात.

डार्करूम (२३ डिसेंबर, सकाळी ९:३०)

पांढरे पट्टे फ्लॅशमुळे. तसल्या पावडरींत सिलिका असतं, डोळ्यांना ते दिसत नाही, पण फ्लॅशचा उजेड समोरून आला की सरळ परत फेकतं. फ्लॅश पूर्ण बंद करा. जुन्या स्टुडिओत मोठाले बल्ब सतत जळत असायचे. ऑर्थो फिल्म त्या पिवळ्या उजेडात मंद, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि "हलू नका" म्हणून ओरडायचं. आईंच्या चेहऱ्यावर जो स्थिर, जरासा रोखून धरलेला भाव आहे ना, तो श्वास धरल्याचा आहे. लेकीलाही तीन आकडे मोजेपर्यंत श्वास धरायला सांगा.

दिवा एकच, चेहऱ्याच्या डाव्या-उजव्यापैकी फोटोत सावली नसलेल्या बाजूला, डोक्याच्या हातभर वर. समोर पांढरी चादर टाकलेला दिवा असेल तर उत्तम. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पत्रा उभा करा. फोन सहा-सात फुटांवर ठेवून झूम करा. जवळून काढला तर नाक मोठं आणि कान मागे जातात, मग कितीही मेकअप करा, आजी दिसायची नाही.

फोटो रंगीतच काढा. मग ॲपमध्ये कृष्णधवल करताना रंगांच्या पट्ट्या असतात, त्यातली लाल जवळजवळ तळाला न्या, नारिंगी थोडी खाली, निळी-हिरवी वर. एकूण उजेड जरा वाढवा. कुंकू डोळ्यांदेखत काळं होईल.

तांबटआळीची_मावशी (२३ डिसेंबर, दुपारी ३:२०)

चार भाग तेल म्हणजे ते ओठांना लावायचं झालं, कुंकवाचं नव्हे. मेण आणि खोबरेल निम्मंनिम्म कर. डबीत थिजल्यावर बोट फिरवलं तर जेमतेम चिकटलं पाहिजे, बोट रुतता कामा नये. कपाळावर मेण लावायच्या आधी तेवढ्या जागची पावडर पुसून टाक, पावडरीवर मेण धरत नाही.

केसांना शाम्पू करून लगेच फुगा काढतेस का? आमचे केस शिकेकाईचे, आणि न्हाऊन दोन दिवस झालेले. वर जेमतेम तेलाचा हात. त्यामुळे एकमेकांना धरून बसायचे. दोन दिवस आधी धू. उलटं विंचरून झालं की आत गोळा ठेव, आणि वरची एकच पातळ बट साफ विंचरून त्याच्यावरून घे. मागे केसांचे दोन आकडे एकमेकांत अडकवून लाव. बटांचं म्हणशील तर केस कापायची घरात सोय नव्हती. कानापुढचे चार केस ओढून, साखरेच्या पाण्याचं बोट लावून बोटाभोवती गुंडाळायचे आणि वाळेपर्यंत गप्प बसायचं.

जुईची_वेणी (२३ डिसेंबर, संध्याकाळी ६:००)

मी पहिल्या दिवशी लायनरचा आग्रह धरला होता, तो मागे घेते. मावशी, तुमची ही माहिती माझ्या आजीकडूनही मला कधी मिळाली नसती, कारण मी विचारलंच नाही. ती आता नाही.

अबोली_पंचवटी (१९ जानेवारी, रात्री १०:५०)

काल झाला कार्यक्रम. सगळं लिहितेच.

दोन दिवस आधी लेकीने शिकेकाईने न्हाऊन घेतलं. सकाळी फुलबाजारातून मोगऱ्याची आशा सोडून शेवंतीची वेणी आणली, फोटोतही शेवंतीच आहे, हे आईने सांगितलं. कुड्या आईच्याच, त्याच. साडी मात्र राहिली नव्हती, तशाच बारीक काठाची फिकट साडी एका मामेबहिणीच्या ट्रंकेत सापडली.

मॅट मॉइश्चरायझर, साधी टाल्कम पावडर, तळव्यांनी दाबून, वर ओला पंचा. पंचाने दाबलं आणि चेहरा एकदम शांत झाला, दुसरा शब्द सुचत नाही. काजळ भाताच्या दाण्याएवढं. फुगा मावशींच्या सांगण्याप्रमाणे, आत गोळा आईच्या गळलेल्या केसांचा. तिने अजून जमवलेत, एका औषधाच्या डबीत, सगळे पांढरे. म्हणून वर काळी जाळी लावली.

मी कुंकू लावलं. निम्मंनिम्म मेण, घट्ट धरलं, गोलही जमलं होतं. लेक बाहेर येऊन आजीसमोर उभी राहिली. आई काही बोलली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "खाली बस." लेक पाटावर बसली. आईने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, पदराने माझं कुंकू पुसलं आणि मेणाची डबी मागितली. तिचा हात हल्ली थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. मला भीती वाटली. पण बोट कपाळाला टेकलं आणि थरथर थांबली. जागच्या जागी तीन-चार वेढे, मग पिंजर, दोनदा. माझ्यापेक्षा अर्धा बोट वर आणि जरा लहान. म्हणाली, "भुवयांच्या मधे लावतात ते लग्न झाल्यावर. माझं तेव्हा कुठे झालं होतं?" हा फरक आमच्या घरचाच असेल, मावशी, तुम्ही सांगा. फोटो पुन्हा पाहिला, तर कुंकू खरंच वर आहे. महिनाभर मी तो फोटो भिंग लावून बघत होते.

मग तेच बोट तिने लेकीच्या ओठांकडे नेलं आणि मी ओरडले, "आई, ती पिंजर बाजारची आहे!" बाटली_आणि_बूच, तुमची आठवण झाली बरं. तिने बोट पंचाला पुसलं, लिप बाम मागितला, आणि मधोमध दाबला.

फोटो डार्करूम म्हणाले तसाच काढला. एक दिवा, चादर, थर्माकोल, सात फूट. श्वास धरायला सांगितला. लाल पट्टी खाली ओढली आणि कुंकू काळं झालं, ओठ गडद झाले, आणि मला खुर्चीत बसावं लागलं.

पेन्सिल मात्र नाही मारली. लेकीच्या हनुवटीवर एक मुरूम होता, तो तसाच आहे. आईच्या फोटोत त्याच जागी भिंगाखाली रेघांचा छोटा पुंजका आहे, हे आम्हांला रात्री दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर दिसलं.

डार्करूम (१९ जानेवारी, रात्री ११:३०)

ताई, तो पुंजका म्हणजे तिथेही मुरूमच होता.

तांबटआळीची_मावशी (२० जानेवारी, सकाळी ६:४०)

अबोली, आमच्याकडे असा फरक नव्हता, पण घराघराची रीत वेगळी. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि ती पंच्याहत्तरीत गोल कुंकू लावते म्हणालीस, तर तिला विचार, मेणात ती थोडी राळ घालायची का? आमची आई घालायची. उन्हाळ्यात घामाने सुटत नसे. माझ्या डबीत ते प्रमाण काही केल्या जमत नाहीये.